मशीन मेलेलं नसतं, त्याला पेट्रोल पोचत नसतं

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या किनाऱ्यावर दोन आवाज सुरू होतात. एक गाऱ्हाण्याचा, दुसरा आउटबोर्ड मशीनची दोरी ओढण्याचा. खर्र, खर्र, खर्र, आणि मग एक सणसणीत शिवी. जून-जुलै समुद्र खवळलेला, यांत्रिकी मासेमारीला बंदी, पर्यटनाच्या होड्याही वर ओढलेल्या. दोन-अडीच महिने मशीन पडवीत नाहीतर शाकारलेल्या होडीवर झाकून ठेवलेलं. ऑगस्टात ते बाहेर काढलं की निम्म्या जणांचं सुरू होत नाही. उरलेल्यांतल्या अर्ध्यांचं सुरू होतं, पण जोर धरत नाही.

आणि मग निकाल लागतो. पहिला निकाल, 'कार्बोरेटर गेला'. आठवड्याभराने दुसरा निकाल, 'मशीनच गेलं, नवीन घ्या'. नवीन मशीन म्हणजे लाखांच्या घरातली गोष्ट. म्हणजे सोसायटीचं कर्ज, नाहीतर बायकोच्या गळ्यातलं. हंगामाचे पहिले पंधरा दिवस, जेव्हा मासळीला भाव असतो, ते मशीनच्या मागे धावण्यात गेलेले असतात ते वेगळंच.

मंडळी, ही पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे आठ, दहा, पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन आहे त्यांनी वेळ काढून वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान शेवटचा भाग वाचा, कारण तो प्रश्न सरकारचा आहे आणि म्हणजे आपल्या सगळ्यांचा आहे.

माझी ओळख असलेल्यांना माहीत आहे, मी मूळचा टू-स्ट्रोकवाला. स्कूटर आणि रिक्षांच्या गॅरेजात सोळा वर्षं हात काळे केले, मग गावी आलो. आउटबोर्ड मशीन म्हणजे काही जादू नाही. उलटी टांगलेली रिक्षाच ती, फक्त चाकाऐवजी पंखा आणि वाऱ्याऐवजी पाण्याने थंड होते. तिला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी ठिणगी, सिलिंडरात दाब, आणि योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा. या तिघांपैकी कोण दगा देतंय ते शोधायच्या आधीच पाना हातात घेतला की पैसे गेले म्हणून समजा.

यंदाचंच उदाहरण सांगतो. माझा मावसभाऊ देवबागला असतो. दोन सिलिंडरचं, पंधरा हॉर्सपॉवरचं, बरंच जुनं मशीन. फोन आला, "दादा, मशीन आयडलिंगाक बरा चलता, रेस दिली काय बसता. आता नवीनच घेवचा लागतला." कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला होता. तिसऱ्यांदा मेकॅनिकने नवीन कार्बोरेटर टाकायला 18 हजार सांगितले होते, आणि वर हेही सांगितलं होतं की गॅरंटी नाही.

ज्यांनी देवबागचा संगम बघितलाय त्यांना 'रेस दिली काय बसता' याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूच्या पट्ट्या सरकत असतात, लाटा मध्येच फुटतात. तिथून बाहेर पडताना किंवा आत येताना मशीनने मान टाकली तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीवर लाट आली की पुढचं बोलायला नको. खाडीत मशीन बंद पडलं तर वल्हं आहे. मुखाशी बंद पडलं तर वल्ह्याने काही होत नाही. म्हणून मी याला नुसता खर्चाचा प्रश्न मानत नाही.

मी गेलो तेव्हा मशीन पिंपात लावलेलं. सुरू केलं, छान गुरगुरलं. मेकॅनिकनेही असंच पिंपात लावून, दोन वेळा रेस देऊन 'ओके' म्हणून दिलं होतं. इथेच पहिली गोम आहे. पिंपात मशीनला ओझं नसतं. पंखा तेच पाणी घुसळत बसतो. पिंपात चालणारं मशीन खाडीत चालेलच असं नाही. बैल गोठ्यात उभा राहून कधी थकत नाही, नांगराला जुंपला की कळतं. जोराची तक्रार असेल तर तपासणी होडीवर, खाडीच्या शांत पाण्यात, दोन माणसं घेऊनच करायची. एक सुकाणूला, एक मशीनकडे लक्ष ठेवायला. बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला. आणि हो, टाकीजवळ विडी नको. हे लिहावं लागतं, कारण मी बघितलंय.

मेकॅनिकला मी दोष देत नाही. ऑगस्टात त्याच्याकडे वीस मशीनं रांगेत असतात, प्रत्येकाला उद्या सकाळी समुद्रात जायचं असतं. तो प्रत्येक मशीन होडीला लावून खाडीत कधी नेणार? तो जे समोर दिसतं ते साफ करतो आणि पुढचं घेतो.

खाडीत गेलो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं मशीन अर्ध्या रेसला चाललं. पूर्ण रेस दिली तर होडीने नाक उचललं, आणि मग हळूहळू मशीन घुसमटत बसलं. पूर्ण बंद नाही पडलं, रेस कमी केली की परत आपलं टुकटुक चालू. आता इथे थांबून विचार करायचा. आयडलिंग चांगलं आणि जोर नाही, म्हणजे काय? कार्बोरेटरात कमी रेसचा मार्ग वेगळा आणि पूर्ण रेसचा वेगळा असतो. कमी रेसला पेट्रोल बारीक पायलट जेटमधून येतं, पूर्ण रेसला मेन जेटमधून. आयडलिंगला मरतं आणि रेस दिली की चालतं, तर पायलटकडे बघा. आयडलिंगला बरं आणि रेसला बसतं, तर मेन जेट किंवा त्याच्या मागची पेट्रोलची सगळी वाट. म्हणजे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत काहीही. आपल्याकडे नजर फक्त कार्बोरेटरवर जाते, कारण तो उघडता येतो.

मशीन बसत असतानाच मी पाइपावरचा रबरी बल्ब हातात घेतला. ही सगळ्यात स्वस्त तपासणी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. मशीन दम टाकत असताना बल्ब दाबला आणि जोर परत आला, तर मशीनचा स्वतःचा पेट्रोल पंप थकलाय, बहुतेक त्याचा पातळ पडदा फाटलाय किंवा ताठ झालाय. बल्ब दाबून काही फरक नाही, तर पेट्रोल पोचतंय, गडबड पुढे कार्बोरेटरात किंवा ठिणगीत. बल्ब लुळा पडून दाबला तरी कडक होत नसेल, तर कुठून तरी हवा ओढतोय, मशीनला पाइप जोडतो त्या कपलिंगची रबरी रिंग बघा. आणि बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर बल्बच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला वाट बंद आहे.

भावाचा बल्ब चपटा. सुकलेल्या कोकमासारखा.

चपट्या बल्बचं पहिलं कारण टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. तो स्क्रू बंद राहिला तर टाकीत पोकळी होते, पाच-दहा मिनिटांनी मशीन गुदमरतं. होडी हलवताना पेट्रोल सांडू नये म्हणून आपण स्क्रू आवळतो आणि परत उघडायचा विसरतो. नवीन मशीनच्या गोष्टी करण्याआधी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटेल. भावाचा स्क्रू मात्र उघडा होता. झाकण पूर्ण काढून बघितलं, तरी फरक नाही.

मग मी एक गोष्ट केली जी दर वेळी कोणीही करू शकतो, तिला कुठलंही हत्यार लागत नाही. शेजारच्या होडीची टाकी आणि पाइप मागून आणला. त्याचं मशीन त्याच जातीचं, त्यामुळे कपलिंग बसलं, आणि पेट्रोलात ऑइलही त्याच मापाने मिसळलेलं. हे माप विचारूनच दुसऱ्याची टाकी लावायची, नाहीतर चांगलं मशीन जाम कराल. लावली, खाडीत गेलो, पूर्ण रेस दिली. होडी पळाली. भाऊ ओरडला, "म्हणजे मशीन बराच आसा!"

बघा, एका उसन्या टाकीने काय झालं. ठिणगी निर्दोष, दाब निर्दोष, पंप निर्दोष, 18 हजारांचा कार्बोरेटरही जवळपास निर्दोष. जवळपास म्हणतो, कारण पूर्ण रेसला अजून एक बारीक लय होती, वर-खाली, वर-खाली. चोक किंचित ओढला की ती लय जायची. चोक ओढल्यावर मशीन सुधारतं म्हणजे पेट्रोल थोडं कमी पडतंय. चोक ओढल्यावर बिघडलं असतं तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगीचा घोळ आहे असं समजलो असतो. दोन्ही प्लग काढून बघितले, दोन्हींचं टोक पांढरट. चांगल्या मशीनचा प्लग चहाच्या रंगाचा असतो. पांढरट म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन गरम. टू-स्ट्रोकला हे फार वाईट, कारण तिला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरात अडकतो. तेव्हा खरोखरच नवीन मशीन लागतं.

दोन्ही प्लग सारखेच पांढरट, हेही महत्त्वाचं. या मशीनला एकच कार्बोरेटर दोन्ही सिलिंडरांना पेट्रोल पुरवतो. एक प्लग ओला-काळा आणि दुसरा चांगला असता, तर मी कार्बोरेटरकडे बघितलंच नसतं, ओल्या प्लगच्या कॉइलकडे गेलो असतो. तरीही दाब मोजून घेतला, दोन्ही सिलिंडरांत जेमतेम पाच पौंडांचा फरक. दाब किती आहे याच्याइतकंच दोघांत फरक किती आहे हे बघायचं असतं. एकात फार कमी असेल तर कार्बोरेटर सोन्याचा लावला तरी जोर येणार नाही.

आता भावाचा स्वतःचा पाइप. बाहेरून छान, काळा, मऊ, एकही चीर नाही. मी सुरीने उभा कापला. आतलं अस्तर सुटून त्याची जीभ झाली होती. हळू पेट्रोल ओढलं की जीभ बाजूला, जोरात ओढलं की जीभ उलटून वाट बंद. म्हणून आयडलिंगला बरं आणि रेसला बसतं. कार्बोरेटर दोनदाच काय, दहादा साफ केला असता तरी हे सापडलं नसतं. हा पाइप दोन वर्षांपूर्वी हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर घेतलेला. पेट्रोलसाठी बनवलेला पाइप वेगळा येतो, त्यावर तसं छापलेलं असतं. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, शेकड्यांत, हजारांत नाही.

टाकीतलं बुडाचं पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून ठेवलं. अर्ध्या तासात बाटलीत दोन मजले दिसले. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली बोटभर फिकट, गढूळ पाणी. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पांढरी भुकटी आणि मेन जेटच्या भोकाला हिरवट-तपकिरी चिकट थर. आधीच्या दोन 'सफायां'त वाटी पुसली होती, फवारा मारला होता, पण मेन जेट खोलून काढलंच नव्हतं. जेट काढून क्लीनरमध्ये रात्रभर बुडवलं, सकाळी हवेने फुंकलं. तार घालायची नाही. जेट पितळेचं, तारेने भोक एक केसभर मोठं झालं की मापच गेलं. उजेडाकडे धरून गोल, स्वच्छ भोक दिसलं की पुरे.

एकूण खर्च पाइप, बल्ब, दोन प्लग, वाटीचं पॅकिंग. दीड हजाराच्या आत. परवापासून मुखाबाहेर जातोय.

अजून एक सांगून ठेवतो, कारण याचीही गल्लत कार्बोरेटरशी होते. मशीनचा आवाज चढतो पण होडी पळत नाही, हा पेट्रोलचा प्रश्नच नाही. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, तो घसरायला लागला की इंजिन एकीकडे आणि पंखा एकीकडे. आतल्या बुशपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, खाडीत जोरात फिरून या, रेघ तुटून सरकलेली दिसली की चोर सापडला. आणि दोन महिने पाण्यात राहिलेल्या होडीच्या बुडाला शिंपल्यांचा थर असेल तर जगातलं कुठलंही मशीन जोर धरणार नाही. आधी खरवडा.

दहा मिनिटं छान चालून मग अचानक एक सिलिंडर मरतो, थंड झाल्यावर परत चालतो, असं असेल तर गरम होऊन फुटणारी कॉइल किंवा सीडीआय बॉक्स. याची तपासणी मशीन मेल्या क्षणी करायची, घरी आणून चहा पिऊन नाही. तोवर ते बरं झालेलं असतं.

आता बाटलीतल्या त्या खालच्या मजल्याकडे येऊ.

आपल्या पेट्रोलात इथेनॉल आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जून 2022 मध्ये देशाने 10 टक्के मिश्रण गाठलं, फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्केवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि 2030 चं उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025 मध्ये 20 टक्के पूर्ण झालं. इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. परकीय तेल कमी लागतं, ऊसवाल्याला पैसे मिळतात, धूरही कमी. घाटावरच्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे हे उघड आहे. पण ऊस घाटावर आणि कार्बोरेटर किनाऱ्यावर, अशी ही वाटणी झाली आहे.

का ते सांगतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. नवीन गाड्यांत सेन्सर आणि संगणक असतो, तो इंधन वाढवून घेतो. जुन्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याच्या जेटचं भोक कारखान्यात ठरलं, तेवढंच इंधन तो देणार. म्हणजे तेच मशीन, त्याच जेटवर, जास्त पातळ आणि जास्त गरम चालणार. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलंय की 20 टक्के मिश्रणावर जुन्या धर्तीच्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता 6 ते 7 टक्के आणि दुचाकींची 3 ते 4 टक्के घटेल. गेल्या वर्षी यावर टीव्हीवर किती भांडणं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण मी जेवढी चर्चा ऐकली ती सगळी गाड्यांची. होडीच्या मागे लटकणाऱ्या मशीनचं नाव कोणी घेतलं नाही.

आणि होडीचा प्रश्न गाडीपेक्षा वाईट आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडीतलं पेट्रोल चार-आठ दिवसांत संपतं. आपलं पेट्रोल हवेच्या स्क्रूची टाकी, खारा दमट वारा आणि दोन महिन्यांचा पाऊस यांच्या संगतीत राहतं. थोडं पाणी असेल तोवर इथेनॉल ते पोटात घेऊन चालतं, कळतही नाही. एका मर्यादेनंतर मात्र पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. आणि आपण मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑइल कुठे राहतं? वरच्या पेट्रोलात. म्हणजे मशीनच्या तोंडी आधी येतं ते बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. अशा पाण्यावर मशीन सुरू झालं नाही तर नशीब समजा. झालं तर जास्त नुकसान.

अमेरिकेत 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल बोटीला चालतं, पण 15 टक्केवालं पेट्रोल बोटींच्या इंजिनात भरायला कायद्याने मनाई आहे, पंपावर तशी केशरी पट्टी लावलेली असते. आउटबोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतही साधारण 10 टक्क्यांचीच मर्यादा सापडते. आपल्याकडे 20 शिवाय पर्याय नाही आणि पट्टीही नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, सगळं इथेनॉलवर ढकलणारे भेटतात तेव्हा मला राग येतो. इथेनॉल यायच्या आधीही ऑगस्टात मशीनं रुसायची. पावसाळ्याआधी कार्बोरेटरात पेट्रोल तसंच ठेवलं की ते उडून जाऊन चिकट थर उरतो, मग त्यात इथेनॉल असो वा नसो. मे अखेरीस मशीन झाकण्यापूर्वी गोड्या पाण्यात चालवायचं, चालू असतानाच पेट्रोलचा पाइप काढायचा, आयडलिंगवर आपोआप बंद पडू द्यायचं, मग वाटीचा खालचा स्क्रू काढून उरलेला थेंबही निथळायचा. टाकी रिकामी करून वाळवायची. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दोरी दोनदा ओढायची. पंधरा मिनिटांचं काम. जे हे करतात त्यांना ऑगस्टात दोरी दोनदाच ओढावी लागते, आमच्या वाडीत अशी तीन घरं आहेत आणि तिन्हींकडे मेकॅनिक जात नाही.

मग सरकारकडे काय मागायचं? नवीन मशीनला अनुदान आहेच. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के असा साचा आहे. म्हणजे नवीन घ्यायला पैसे, पण आहे ते चालवायला ज्ञान नाही. मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रं किनाऱ्यावर आहेत, मच्छीमारांच्या तरुण मुलांना तिथे सहा महिन्यांचं शिक्षण मिळतं. चांगला अभ्यासक्रम आहे, त्यातून शिकलेली मुलं मी बघितलीत. पण त्याचं नाव वाचा, 'सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन व सागरी डिझेल इंजिन देखभाल व परिचालन'. डिझेल! ट्रॉलरवाल्याचं इंजिन. गिलनेट टाकणाऱ्या छोट्या होडीवाल्याच्या मागे जे पेट्रोलचं मशीन टांगलेलं असतं, त्याला त्या नावात जागा नाही. परताव्याची चर्चा दरवर्षी होते तीही डिझेलची. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, आनंद झाला, पेढेही वाटले. शेतकऱ्याच्या पंपाची जेवढी काळजी होते तेवढी आता आमच्या मशीनची व्हावी, एवढंच.

माझ्या दोन मागण्या आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक, त्याच प्रशिक्षण केंद्रांत, मे महिन्यात, आठ दिवसांचा आउटबोर्डचा वर्ग. जुनी भंगार मशीनं उघडून शिकवा, बल्ब दाबून शिकवा, उसनी टाकी लावून शिकवा. बायकांनाही बोलवा. देवबाग-तारकर्लीकडे पर्यटनाचा हिशेब त्याच ठेवतात, मशीनवर पैसे कुठे उडतात ते त्यांना पुरुषांपेक्षा जास्त कळतं. दोन, किनारी तालुक्यात निदान एका पंपावर, मच्छीमार सोसायटीचा असेल तर उत्तमच, 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं पेट्रोल, नोंदणी असलेल्या होड्यांना, होडीच्या कागदावर. लागणारं प्रमाण राज्याच्या एकूण खपात चिमूटभरही नसेल.

कोणी म्हणेल, फोर-स्ट्रोक घ्या, जुनं टाकून द्या. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं, पेट्रोल कमी खातं, धूर कमी. पण कार्बोरेटरवालं फोर-स्ट्रोकही दोन महिने तसंच ठेवलं तर असंच तुंबतं, त्याची जेट तर आणखी बारीक. जुनं टू-स्ट्रोक मशीन हलकं असतं, दोन माणसं उचलून घरी आणतात, सुटे भाग मिळतात. ज्याच्या मागे दाब आहे, ठिणगी आहे, ते मशीन भंगारात जाऊ नये.

पुढच्या सोमवारी सोसायटीच्या बैठकीत मी या दोन मागण्यांचं निवेदन ठेवणार आहे. त्याला पुरावा हवा. ज्यांचं मशीन या हंगामात जोर धरत नव्हतं त्यांनी मला लिहून कळवा. मशीन किती हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक की फोर, किती जुनं, कार्बोरेटर कितीदा साफ केला, किती खर्च झाला, शेवटी दोष कुठे सापडला, आणि टाकीच्या बुडाचं पेट्रोल बाटलीत अर्धा तास ठेवल्यावर किती मजले दिसले. बाटलीचा फोटो असेल तर पाठवा, पण फोटो उन्हात, घराबाहेर, आणि चुलीपासून लांब काढा.